पाणी, वीज, बस: चालवायचे कोणी, सरकारने की कंपनीने?

फोंड्याहून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: 'गोव्यात बस, पाणी, वीज, कचरा यांबद्दल रोज तक्रारी असतात. बाबा म्हणतात, सरकारी आहे म्हणून परवडते. दादा म्हणतो, कंपनीला दिल्याशिवाय सुधारणार नाही. तुम्ही दोन्हीकडे काम केले आहे. नेमके काय करावे?'

दोन्हीकडे काम केले हे खरे. आधी सरकारी पाणीपुरवठ्यात अभियंता होतो, तेव्हा निविदा आणि करार लिहिले. नंतर खासगी सल्लागार म्हणून कंत्राटदारांच्या वतीने तसलेच करार वाचून त्यात फट कुठे आहे ते शोधून दिले. त्यामुळे बाबांचे आणि दादांचे, दोघांचेही म्हणणे मला आतून माहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. पाण्याच्या वाहिन्या आणि विजेच्या तारा सरकारच्याच मालकीच्या राहाव्यात. बस, कचरा, रुग्णवाहिका यांत खासगी चालक चालेल, काही ठिकाणी तो हवाही. पण कुठलीही सेवा कोणाच्याही हाती देण्याआधी मी तीन गोष्टी पाहतो. काम मोजता येते का? मोजणारा माणूस कोणाच्या पगारावर आहे? आणि चालकाने हात वर केले तर दुसऱ्या दिवशी सेवा चालू ठेवता येईल का? ज्या खात्याला एखादे काम स्वतः धड करता येत नाही, त्याला ते दुसऱ्याकडून करून घेणेही जमत नाही. कारण दोन्हीला तीच समज लागते, तीच माणसे लागतात. खासगीकरणाच्या बाजूने बोलणारे ही गोष्ट नेहमी सोडून देतात.

बसपासून सुरुवात करू. पणजीच्या कदंब स्थानकावर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी उभे असतात. मडगावची शटल पकडायची तर खिडकीवर रांगेत तिकीट काढायचे. जागा भरल्या की बस सुटते आणि वाटेत थांबत नाही. ही सेवा सरकारी कदंब महामंडळाची आहे, आणि घरी दुचाकी असलेली नोकरदार माणसेही तिने जातात. तिथेच दुसऱ्या बाजूला खासगी बस उभी असते. इंजिन चालू, वाहक दारात उभा राहून गावाचे नाव ओरडतोय, बस वीतभर पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. माणसे आत घामाघूम. पाठीमागून त्याच मार्गाची दुसरी बस दिसली की मात्र ही सुसाट सुटते, आणि पुढच्या थांब्यावरचा म्हातारा हात दाखवत राहतो.

यावरून सरकारी चांगले असे कोणी म्हणेल, तर त्याने सत्तरी किंवा सांगे तालुक्यातल्या आतल्या गावात सकाळी थांबून पाहावे. तिथे कदंबची जुनी गाडी बंद पडली की फेरीच रद्द होते आणि पोरांची पहिली तासिका बुडते. आणि अनेक गावांत वर्षानुवर्षे लोकांना बाजाराला नेऊन आणले ते खासगी बसवाल्यांनीच, हेही विसरता येणार नाही.

फरक पडतो तो पैसा कशाचा मिळतो यावरून. खासगी बसच्या चालक-वाहकाची कमाई बहुतेक ठिकाणी दिवसाच्या गल्ल्यावर ठरते. प्रवासी दिसला की थांबायचे, नसला की वाट पाहायची, मागचा आला की पळायचे. तो माणूस वाईट नाही, हिशेबच त्याला तसे वागायला लावतो. शटलच्या चालकाचा पगार त्या फेरीच्या गल्ल्यावर अवलंबून नाही, आणि भरली की सोडायची हा नियम इतका सोपा आहे की रांगेतला प्रत्येक माणूस त्यावर लक्ष ठेवू शकतो. संध्याकाळी उशिरा खासगी बस मिळत नाही त्याचेही कारण हेच. परवान्यावरच्या वेळापत्रकात शेवटची फेरी असते, पण त्या फेरीत डिझेलचेही पैसे सुटत नाहीत, आणि ती झाली की नाही हे कोणी तपासत नाही.

यावर जगात सापडलेला सगळ्यात बरा तोडगा असा: बस आणि चालक कंपनीचा, मार्ग आणि वेळापत्रक सरकारचे, तिकिटाचे पैसे सरकारकडे आणि कंपनीला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर. ब्रिटनमध्ये 1986 साली लंडनबाहेरची बससेवा पूर्ण मोकळी सोडली. ज्याला जिथे परवडेल तिथे त्याने बस चालवावी. लंडनमध्ये मात्र मार्ग सरकारी संस्थेने ठरवायचे आणि निविदेने चालवायला द्यायचे, अशी पद्धत ठेवली. लंडनची बससेवा टिकली. बाहेर प्रवासी घटत गेले, आणि शेवटी मँचेस्टरने 2023 ते 2025 या काळात आपल्या सगळ्या बसगाड्या टप्प्याटप्प्याने पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. गाड्या तिथेही खासगी कंपन्याच चालवतात, फक्त नियम आणि तिकीट शहराचे. आपल्याकडे केंद्राच्या योजनेतून कदंबकडे आलेल्या विद्युत बसगाड्या याच पद्धतीच्या आहेत, आणि 'म्हजी बस' योजनेमागची कल्पनाही तीच: खासगी मालकाची बस कदंबच्या वेळापत्रकावर धावणार, मालकाला किलोमीटरच्या हिशेबाने पैसे. दिशा योग्य आहे.

पण इथे एक गोष्ट मी कंपनीच्या बाजूने बसून शिकलो. निविदा जिंकल्यावर पहिल्या बैठकीत जो प्रश्न हमखास विचारला जातो, तो असा: 'करारात दंड लिहिलाय, पण हे लोक खरोखर कापतात का?' पहिल्या महिन्याच्या बिलातून फेरी चुकल्याचे पैसे कापले गेले, तर सगळी यंत्रणा ताठ होते. पहिल्या महिन्यात 'आता सुरुवातच आहे, जाऊ द्या' म्हटले, की तो करार त्याच दिवशी निम्मा मेला. किलोमीटरवर पैसे मिळत असतील तर बस रिकामी पळवायलाही कोणाची हरकत नसते. प्रवासी घ्यायला थांबणे हाच उलट त्रास होतो. म्हणून जीपीएसची नोंद, थांब्यावरची वेळ, बंद पडलेल्या गाड्या हे सगळे रोज सकाळी पाहणारी माणसे महामंडळात हवीत. ती कायम नोकरीतली हवीत, आणि त्यांना बिल अडवण्याचा अधिकार हवा. ती नसतील तर पद्धत कितीही चांगली असली तरी पैसे वाहून जातील.

गोव्याला हा धडा नवा नाही. खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खाजन शेतातली मानस तुम्ही पाहिली असेल. बांधातून खाडीकडे उघडणारी लाकडी दारे अशी बसवलेली असतात की भरतीच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. शेतात खारे पाणी घुसू नये आणि जास्तीचे पाणी निघून जावे, एवढ्यासाठी ही सारी रचना. ओहोटीला त्या दारात जाळे लावून मासळी मिळते, म्हणून मानशीची पावणी होते, जास्त बोली लावेल त्याला मासेमारीचा हक्क मिळतो. आता बोली लावणाऱ्याचा फायदा पाहा: जितके खारे पाणी आत येईल तितकी मासळी जास्त. भरतीला दार अडवून उघडे ठेवले की त्याची चांदी आणि शेतकऱ्याच्या शेतात मीठ. पाण्याचा वेग वाढला की बांधही खचतो. जुन्या काळी गावकरीचा, म्हणजे कोमुनिदादीचा, यावर पहारा असे, बांधाची देखरेख करणारा माणूस ठरलेला असे. कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. जिथे शेतकरी अजून शेत करतात आणि संघ जागा आहे तिथे मानसवाल्याला दाराशी खेळ करता येत नाही. जिथे शेते पडीक पडली तिथे विचारायलाच कोणी उरले नाही, आणि पावणीची रक्कम हीच मानशीची किंमत ठरली. खासगी माणसाला हक्क देणे ही चूक नव्हती. दार कधी मिटते हे पाहणारा नाहीसा झाला, तिथे बिघडले.

कचऱ्यात गोव्याकडे तीन नमुने आहेत, आणि तेही एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर. पणजी महापालिकेने आपल्या कामगारांकरवी घरोघरी वर्गीकृत कचरा गोळा करायला सुरुवात केली, रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढल्या, वसाहतींतच खत करायला लावले. हे पूर्णपणे सरकारी काम, आणि देशभरातून लोक ते पाहायला आले. साळगावचा प्रकल्प 2016 साली सुरू झाला. राज्याने पैसा घातला, चालवायला खासगी कंपनी. आधी परिसरातल्या लोकांचा कडाडून विरोध होता, आणि तो रास्त होता, कारण त्या पठारावर वर्षानुवर्षे उघड्यावर कचरा टाकला गेला होता. पण प्रकल्प चालला. तिसरा नमुना मडगावच्या सोनसड्याचा. तिथेही प्रक्रियेचे काम खासगी कंपनीला दिले होते. पालिका आणि कंपनी यांचे शुल्कावरून आणि जबाबदारीवरून बिनसले, कचऱ्याचा डोंगर वाढत राहिला, मे 2019 मध्ये त्याला मोठी आग लागली आणि आसपासच्या लोकांनी कित्येक दिवस धूर सोसला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली गेले.

साळगाव आणि सोनसडो दोन्हीकडे खासगी चालक. मग एक का चालला? साळगावला येणारी प्रत्येक गाडी वजनकाट्यावरून जाते, पैसे टनावर मिळतात, आणि पैसे देणारे राज्य सरकार आहे, ज्याच्या तिजोरीत ते असतात. मडगावला पैसे द्यायचे होते नगरपालिकेने, जिची स्वतःचीच ओढाताण. ज्याच्याकडे द्यायला पैसा नाही त्याने कंपनीला काम देऊ नये. पहिले बिल थकले की कंपनी माणसे कमी करते, मग काम बिघडते, मग पालिका म्हणते काम नीट नाही म्हणून पैसे देत नाही. या चक्रातून बाहेर पडलेला करार माझ्या पाहण्यात नाही.

आता पाण्याकडे येतो. इथे मी सविस्तर बोलणार आहे, कारण हे माझे आयुष्यभराचे काम.

ऑक्टोबर 2020 मध्ये ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरात नळजोडणी देणारे देशातले पहिले राज्य म्हणून गोव्याचे नाव झाले. ही खरी आणि मोठी गोष्ट आहे. तरीही मार्च-एप्रिल आला की बार्देशात आणि किनारपट्टीच्या भागात टँकर फिरताना दिसतात. दोन्ही एकाच वेळी खरे कसे? कारण मोजली गेली ती जोडणी. नळाला पाणी किती तास येते आणि वरच्या मजल्यापर्यंत चढते का, हे त्या आकड्यात नाही. जे मोजाल तेवढेच सुधारते, मग चालवणारे खाते असो वा कंपनी.

टँकर म्हणजे पाण्याचे खासगीकरणच आहे. ते कोणी जाहीर केले नाही, निविदा निघाली नाही, दर ठरला नाही. कोणाच्या तरी विहिरीतून भूजल उपसले जाते आणि ज्याची ऐपत आहे त्याच्या टाकीत पडते. भूजल नियमनाचा कायदा गोव्यात 2002 पासून आहे. दादांना सांगा, कंपनी आली तर काय होईल हे पाहायला नागपूरला, जिथे पाणीपुरवठा कंपनी चालवते, जायची गरज नाही. कायदा असूनही प्रत्यक्षात नियमन नसलेली खासगी सेवा दारातच उभी आहे, आणि ती सगळ्यात महाग आहे.

आणि बाबांना ऑगस्ट 2019 ची आठवण करून द्या. तुम्ही फोंड्याच्याच, तुम्हालाही आठवत असेल. कुर्टी-खांडेपार इथे महामार्गाच्या रुंदीकरणासाठी डोंगर कापला होता, तिथे दरड सरकली आणि ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राहून येणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या फुटल्या. फोंडा आणि तिसवाडी तालुके कित्येक दिवस पाण्याविना राहिले. भर पावसाळ्यात राजधानीत लोक पागोळ्यांचे पाणी धरून ठेवत होते. वाहिनी सरकारी, रस्त्याचा कंत्राटदार खासगी. वाहिनीपासून किती अंतरावर खोदायचे, कड कोणी सांभाळायची, हे रोज जागेवर उभे राहून पाहणारा अधिकारी नव्हता. सरकारी असणे एवढ्यानेच संरक्षण मिळत नाही.

सरकारी संस्था उत्तम काम करू शकते याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा म्हणून मी कंबोडियाच्या राजधानीचे, नॉम पेन्हचे नाव घेतो. यादवी युद्धातून बाहेर पडलेले शहर, 1993 साली तिथले सत्तर टक्क्यांहून जास्त पाणी गळतीत आणि चोरीत जात होते. 'एक सोन चान' अशा नावाच्या अभियंत्याने पाणीपुरवठा प्राधिकरण हाती घेतले. प्रत्येक जोडणीला मीटर बसवला, फुकट पाणी वापरणाऱ्या बड्या मंडळींनाही बिले लावली, गळती शोधणाऱ्या कर्मचाऱ्यांना बक्षीस ठेवले, गरिबांना हप्त्याने जोडणी दिली. सुमारे पंधरा वर्षांत तोटा सहा-सात टक्क्यांवर आला. संस्था सरकारीच राहिली. पण तिला स्वतःचे खाते, स्वतःची भरती आणि दर ठरवून वसूल करण्याची मोकळीक दिली होती. त्या मोकळिकीशिवाय हे झाले नसते.

उलट बाजूला इंग्लंडमध्ये 1989 साली पाण्याच्या संस्था विकून टाकल्या. विकताना सरकारने जुने कर्ज माफ केले होते. आज लंडनला पाणी देणारी कंपनी पंधरा अब्ज पौंडांहून जास्त कर्जात आहे आणि नद्यांत सांडपाणी सोडल्याबद्दल तिथे लोक संतापलेले आहेत. पॅरिसने 2010 साली पाणी पुन्हा महापालिकेकडे घेतले. माझ्या मते इंग्लंडचे दुखणे विक्रीत आहे. वाहिन्या विकल्यावर चालकाला हटवणार कसे? जमिनीखालची वाहिनी एकच असते. दुसरा विक्रेता शेजारून दुसरी वाहिनी टाकत नाही. म्हणून स्पर्धेचा फायदा मिळतो तो फक्त करार संपताना, आणि करार संपायचा असेल तर वाहिनी आपली हवी. नागपूरने 2012 मध्ये हे भान ठेवले. मालकी महापालिकेची, चालवायला कंपनी, पंचवीस वर्षांचा करार. तिथल्या निकालाबद्दल लोकांत दोन मते आहेत, पण निदान दार बंद केलेले नाही.

तुम्ही अभियंता होणार आहात, म्हणून एक तांत्रिक गोष्ट सांगतो. गळती मोजायची नेहमीची रीत अशी: एका वस्तीच्या सगळ्या सीमा झडपांनी बंद करायच्या, एकाच तोंडाने पाणी आत सोडायचे, तिथे मीटर लावायचा आणि रात्री दोन ते चारच्या दरम्यान प्रवाह वाचायचा. लोक झोपलेले असतात, तेव्हा वाहते ते बहुतेक गळतीचे पाणी. आता हीच रीत गोव्यात लावून पाहा. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येते, म्हणून प्रत्येक घरावर टाकी आणि अंगणात भूमिगत टाकी. रात्री पाणी सुटले की माणसे झोपलेली असली तरी टाक्या भरत असतात. मीटरवर मोठा आकडा दिसतो आणि तो गळती म्हणून लिहिला जातो. कंपनीला सुरुवातीची गळती अशी फुगवून दाखवता आली, की पुढे काही न करता 'घट' दाखवता येते. सगळ्या टाक्या भरून चेंडूच्या झडपा मिटेपर्यंत, म्हणजे सलग दोन-तीन दिवस त्या वस्तीला चोवीस तास पाणी देऊन, मगच पहिला आकडा नोंदवायचा असतो. हे वाक्य करारात आहे की नाही, यावर काही कोटींचा फरक पडतो. ते वाक्य लिहायला खात्यात असा अभियंता लागतो, ज्याने कधीतरी रात्री स्वतः झडप फिरवली आहे. तो निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली नाही, तर करार कंपनीचा सल्लागार लिहितो. मी तिथे होतो, म्हणून सांगतो.

विजेचे उत्तर थोडक्यात देता येईल. गोव्यात वीज वितरण हे अजूनही सरकारी खातेच आहे. आपण वीज जवळजवळ सगळी बाहेरून विकत घेतो, आणि दर गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. याच आयोगाखालच्या दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचे वितरण एप्रिल 2022 मध्ये खासगी कंपनीकडे गेले, चंडीगडचे फेब्रुवारी 2025 मध्ये. त्यामुळे गोव्यातही कधीतरी हा विषय निघणार, हे धरून चालावे.

दादा दिल्लीचे उदाहरण देतील, आणि ते खरे आहे. 2002 साली खासगीकरण झाले तेव्हा अर्ध्याहून जास्त वीज चोरीत, गळतीत आणि थकबाकीत जात होती, आता ते प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आले. पण त्यांनी दुसरा आकडाही सांगावा. दर वेळेवर न वाढवता जी रक्कम 'नंतर वसूल करू' म्हणून बाजूला लिहून ठेवली, ती दिल्लीत 27 हजार कोटींच्या वर गेली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असली थकबाकी ठरलेल्या मुदतीत संपवायला सांगितले. ती शेवटी ग्राहकच भरणार. ओडिशाने 1999 साली देशात सगळ्यात आधी वितरण खासगी केले. त्याच वर्षी महाचक्रीवादळ आले, तारा जमीनदोस्त झाल्या, आणि मध्य विभाग चालवणारी परदेशी कंपनी 2001 मध्ये निघून गेली. उरलेल्या तीन विभागांचा परवाना 2015 मध्ये रद्द झाला. मग पुन्हा नवी निविदा. किनारपट्टीच्या राज्याने हे विसरू नये.

आपल्या घरचे उदाहरण सांकवाळचे. नाफ्ता या खनिज तेलापासूनच्या इंधनावर चालणारा 48 मेगावॉटचा खासगी वीजप्रकल्प, 1997 सालचा वीजखरेदी करार. इंधन, दर आणि बिलांवरून वाद झाला, लवादाने 2018 मध्ये कंपनीच्या बाजूने निवाडा दिला, आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. राज्यावर अडीचशे कोटींहून जास्त बोजा पडला.  लांब मुदतीचा करार म्हणजे पुढच्या चार-पाच सरकारांच्या नावे केलेली सही असते. मोपा विमानतळाचा करार चाळीस वर्षांचा आहे. तो वाचायला, त्यातला राज्याचा 36.99 टक्के महसुलाचा हिस्सा नीट हिशेबाने वसूल करायला, आज नोकरीला लागलेला माणूस निवृत्त होईपर्यंत पुरेल इतके काम आहे.

इतर सेवांबद्दल दोन-दोन वाक्ये. 108 रुग्णवाहिका 2008 पासून सरकारच्या पैशाने आणि बाहेरच्या संस्थेच्या हाताने चालते. फोन केल्यापासून गाडी किती मिनिटांत पोचली हे आपोआप नोंदले जाते, म्हणून तिथे ही रचना बरी चालते. शाळांत तर आपण हेच पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. बहुतेक माध्यमिक शाळा संस्थांच्या, पगार सरकारचा. फेरीबोटीला मात्र मी सरकारीच ठेवेन. दिवाडी बेटाला अजून पूल नाही. रात्री उशिरा दोन माणसांसाठी मांडवी ओलांडणे कुठल्याही नफ्याच्या हिशेबात बसत नाही, आणि त्या दोघांत एखादी बाळंतीण असू शकते. जुलै 2025 पासून रायबंदर-चोडण मार्गावर खासगी सहभागाने रो-रो, म्हणजे वाहने थेट चढवता-उतरवता येणाऱ्या बोटी सुरू झाल्या. त्यांना फेऱ्यांवर पैसे मिळतात की वाहनांवर, हे चोडणकरांनी विचारून ठेवावे.

सगळ्यात जास्त काळजी मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. आज मीटर वाचणारे, पंप चालवणारे, खांबावर चढणारे हात अनेक ठिकाणी कंत्राटी झाले आहेत. पाटी सरकारी, माणूस ठेकेदाराचा, अनुभव कोणाचाच नाही. ठेका बदलला की माणूस बदलतो, आणि कुठली झडप उलटी फिरते हे माहीत असलेला शेवटचा माणूस निघून जातो. सरकारी सेवेची जबाबदारीची भावना तिथे उरत नाही आणि खासगी सेवेची शिस्तही येत नाही. वीज वाहिनीवर काम करताना असा कंत्राटी मुलगा दगावला, की खाते ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार खात्याकडे. या हातांना कायम नोकरी, प्रशिक्षण आणि विमा देणे हे मालकीच्या वादाआधी करायचे काम आहे. ते पुढे ढकलण्याला कुठलेही कारण पुरेसे नाही.

म्हणून तुमच्या घरातल्या वादापुरते माझे सांगणे असे. वीज खाते विकायचे की नाही, यावर आज मत देऊ नका. आधी प्रत्येक फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीवर, महिन्यात किती वेळा आणि किती तास वीज गेली, किती युनिट आत आले आणि किती युनिटचे बिल झाले, हे चार आकडे दर महिन्याला तुमच्या पालिकेच्या आणि पंचायतीच्या फलकावर लागावेत, अशी मागणी करा. आयोगाची जनसुनावणी होते तेव्हा कोणीही नागरिक जाऊन हे लेखी मागू शकतो. माहितीच्या अधिकारातही मागता येते. पाण्याचे तेच: मुख्य टाकीतून किती सुटले, मीटरवर किती आले, किती तास आले. दोन पावसाळ्यांचे असे आकडे हाती आले, की फोंड्याचा एखादा फीडर खात्याने सुधारला की नाही हे तुम्ही, बाबा आणि दादा एकाच कागदावर पाहू शकाल, आणि पुढे कंपनीशी करार करायचाच झाला तर सुरुवातीचा आकडा आपल्याकडे असेल.